मांसल कोंबड्यांच्या खाद्यातील वनस्पतिजन्य पूरके

ओवा, लसूण, हळद, दालचिनी आणि मिरी ही द्रव्ये स्वयंपाकघरातून निघून कुक्कुटखाद्याच्या कारखान्यात पोहोचली, याचे कारण पाकशास्त्रात सापडत नाही. ते प्रतिजैविकांच्या इतिहासात सापडते. गेल्या दोन-तीन दशकांत या विषयावर प्रबंध आणि निबंध यांची इतकी दाटी झाली आहे की, पशुवैद्यक विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांच्यासाठी स्वतंत्र कपाट ठेवावे लागेल. तथापि या विपुल वाङ्मयातून निघणारे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. एका प्रयोगात हळदीने पिल्लांचे वजन वाढल्याचे दिसते, दुसऱ्यात ते आहे तसेच राहते, तर तिसऱ्यात किंचित घटतेही. हा विसंवाद प्रयोगकर्त्यांच्या हयगयीतून उद्भवतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याचे मूळ बव्हंशी प्रश्न विचारण्याच्या रीतीत आहे. ‘अमुक वनस्पती कोंबडीला हितकारक आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. त्या वनस्पतीतील कोणते द्रव्य, किती मात्रेने, कशा परिस्थितीत वाढणाऱ्या पक्ष्याला आणि कोणत्या मोजमापापुरते हितकारक आहे, इतके सर्व विचारल्यावाचून उत्तराला अर्थ येत नाही.

प्रतिजैविकांचा खाद्यात प्रवेश झाला तो योगायोगाने. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे दोन शास्त्रज्ञ कोंबडीच्या पिल्लांसाठी बी-१२ या जीवनसत्त्वाचा स्वस्त उगम शोधत होते. स्ट्रेप्टोमायसेस ऑरिओफेसिअन्स या सूक्ष्मजंतूच्या किण्वनातून ऑरिओमायसिन हे औषध काढून घेतल्यावर जो चोथा उरे, तो त्यांनी पिल्लांच्या खाद्यात मिसळून पाहिला. पिल्ले वाढली, परंतु बी-१२ मुळे जितकी वाढावयास हवी होती त्याहून अधिक वाढली. चोथ्यात उरलेल्या अल्पशा प्रतिजैविकाचा हा परिणाम होता, हे लवकरच स्पष्ट झाले. १९५१ पासून अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीवाचून खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास मुभा मिळाली आणि पुढील काही वर्षांत ही प्रथा जगभर पसरली.

टनभर खाद्यात काही ग्रॅम औषध घातल्याने पक्षी का वाढतो, याचा शोध घेताना जे एक निरीक्षण हाती आले, ते प्रस्तुत विषयाची किल्ली म्हणावी इतके महत्त्वाचे आहे. इंग्लंडमध्ये कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५० नंतरच्या काळात असे आढळले की, पूर्वी कधी कोंबड्या न ठेवलेल्या स्वच्छ जागेत वाढणाऱ्या पिल्लांवर पेनिसिलिनचा वाढीच्या दृष्टीने फारसा परिणाम होत नाही. पुढे १९६३ साली त्यांनी संपूर्ण निर्जंतुक उपकरणात पिल्ले वाढवून पाहिली. तेथे तर पेनिसिलिनचा उपयोग मुळीच दिसला नाही. याचा अर्थ असा की, प्रतिजैविक हे वाढीचे द्रव्य नव्हतेच. आतड्यातील जंतूंमुळे वाढीला जो अडथळा होत होता, तो त्याने कमी केला इतकेच. जेथे अडथळा नाही, तेथे तो दूर करणाऱ्या उपायाला करण्यासारखे काही उरत नाही. वनस्पतिजन्य पूरकांच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. परंतु प्रयोगाची आखणी करताना त्याचा वारंवार विसर पडतो.

खाद्यातील प्रतिजैविकांचे दुष्परिणाम फार काळ झाकून राहिले नाहीत. अल्प मात्रेत सातत्याने दिलेले औषध आतड्यातील दुर्बळ जिवाणू मारते व प्रतिकारक्षम जिवाणूंना मोकळे रान मिळवून देते. १९६९ साली ब्रिटनमधील स्वान समितीने माणसाच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके पशुखाद्यात वाढीसाठी वापरू नयेत अशी शिफारस केली. स्वीडनने १९८६ मध्ये अशा वापरावर सरसकट बंदी घातली. माणसासाठी अखेरचा आधार मानल्या गेलेल्या व्हँकोमायसिनशी रचनेने जवळीक असलेले ॲव्होपार्सिन डेन्मार्कने १९९५ मध्ये बंद केले आणि १ जानेवारी २००६ पासून युरोपीय संघात वाढीसाठी प्रतिजैविके देण्याची प्रथाच कायद्याने संपली. अमेरिकेने २०१७ मध्ये मानवी वैद्यकात महत्त्वाच्या असलेल्या औषधांपुरता तोच मार्ग धरला. चीनमध्ये जनावरे, मांस आणि रुग्ण या तिन्ही ठिकाणच्या जिवाणूंत कॉलिस्टिनला दाद न देणारे एक फिरते जनुक आढळल्याचे २०१५ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, तेव्हा सर्वत्र खळबळ उडाली. भारतानेही जुलै २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कॉलिस्टिनचा वापर निषिद्ध केला.

बंदीने कुक्कुटपालन कोसळेल अशी भीती तेव्हा व्यक्त झाली होती. डेन्मार्कमधील आकडे या संदर्भात पाहण्यासारखे आहेत. तेथील उत्पादकांनी १९९८ च्या आरंभी मांसल कोंबड्यांना वाढीसाठी प्रतिजैविके देणे स्वेच्छेने थांबविले. त्यानंतर एक किलो वजनवाढीसाठी लागणारे खाद्य सुमारे १६ ग्रॅमने वाढले. दर चौरस मीटर जागेतून मिळणाऱ्या कोंबड्यांच्या वजनात घट झाली नाही. मात्र हे विसरता कामा नये की, कॉक्सिडिया या परजीवींविरुद्धची आयनोफोर औषधे तेथे खाद्यात चालूच होती, आणि क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूमुळे होणारा आतड्याचा कुजका दाह काही अंशी त्यांनीच आटोक्यात ठेवला. डॅनिश शेडची स्वच्छता आणि तेथील खाद्याची शुद्धता ही दोन गृहीते सोडून हा आकडा अन्यत्र लावणे धोक्याचे आहे.

प्रतिजैविकांची जागा रिकामी झाली तेव्हा तिच्यावर अनेकांनी हक्क सांगितला. त्यांत वनस्पतिजन्य पूरके ‘नैसर्गिक वृद्धिकारके’ या नावाने पुढे आली. हे नावच दिशाभूल करणारे आहे. ज्या द्रव्यांसाठी या वनस्पती निवडल्या जातात, ती फिनॉले, अल्कलॉइडे, सॅपोनिने आणि टॅनिने वनस्पतीने कोंबडीच्या कल्याणासाठी निर्माण केलेली नसून कीटक, बुरशी व चरणारी जनावरे यांच्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी निर्माण केलेली आहेत. पशुपोषणाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख ‘पोषणविरोधी द्रव्ये’ या प्रकरणात होत असे. सरकीच्या पेंडेतील गॉसिपॉल, कच्च्या सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक आणि लालसर ज्वारीतील टॅनिन यांच्याशी कुक्कुटखाद्याच्या जाणकारांनी अनेक वर्षे झगडा केला. त्याच कुळातील द्रव्ये आता पूरक म्हणून परत आली आहेत. यात विसंगती नाही, कारण मात्रेनुसार परिणाम बदलतो. परंतु मात्रा न सांगता केलेले कोणतेही विधान यामुळेच निरर्थक ठरते. कडुनिंबाचा पाला थोडा घातला तर पक्षी खातो. अधिक घातला तर कडवटपणामुळे खाणे कमी करतो, आणि मग घटलेल्या वजनाचे खापर कशावर फोडावे हे समजेनासे होते.

ओव्याचे उदाहरण तपशिलाने पाहणे उपयुक्त होईल. ओव्याच्या दाण्यात साधारणतः २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते व त्याचा पुष्कळसा भाग, बहुधा ३५ ते ६० टक्के, थायमॉल या फिनॉलाचा असतो. हे थायमॉल थंडीत स्फटिकरूपाने वेगळे होते व बाजारात त्याला ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. थायमॉल आणि त्याचे भावंड कार्व्हाक्रॉल ही दोन्ही द्रव्ये मेदात विरघळणारी असल्याने जिवाणूच्या पटलात शिरतात, पटल सैल पडते, पोटॅशियमाचे आयन बाहेर गळतात आणि ऊर्जानिर्मितीला आवश्यक असलेला प्रोटॉनांचा उतार नाहीसा होतो. ही क्रिया परीक्षानळीत निःसंशय सिद्ध झालेली आहे. प्रश्न आहे तो मात्रेचा. खाद्यात १ टक्का ओवा घातला, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम दाणे आले. तेल ३ टक्के धरले तर ३०० मिलिग्रॅम आणि त्यातील निम्मे थायमॉल धरले तर किलोमागे १५० मिलिग्रॅम थायमॉल मिळते. ई. कोलाय जिवाणूंची वाढ थांबविण्यास प्रयोगशाळेत दर लिटरला काहीशे मिलिग्रॅम थायमॉल लागते आणि तेही मेद व प्रथिने फारशी नसलेल्या माध्यमात. आतड्यात दोन्ही मुबलक असतात व थायमॉल त्यांना चिकटून बसते. शिवाय ते आतड्याच्या वरच्या भागातच शोषले जात असल्याने, जेथे जंतूंची वस्ती सर्वांत दाट असते त्या अंधांत्रांपर्यंत फार थोडे पोहोचते. म्हणून ‘ओव्याने आतड्यातील जंतू मरतात’ हे सरळसोट विधान या मात्रेला टिकत नाही. काही जंतूंची संख्या थोडी घटते, वसाहतीचा तोल किंचित बदलतो, इतकेच म्हणता येते. तेलाला मेदाचे किंवा स्टार्चचे सूक्ष्म कवच देऊन ते खालपर्यंत पोहोचविण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांचे प्रयोजन हेच आहे. गोळी-खाद्य करताना वाफेने ७० ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापमान जाते, तेव्हा उडून जाणारे तेलही या कवचामुळे बऱ्याच अंशी वाचते.

लसणाची कथा याहून वेगळी आहे. अखंड पाकळीत ॲलिसिन नसतेच. पाकळी ठेचली की ॲलिनेज हे विकर ॲलिन या द्रव्याशी भेटते व ॲलिसिन तयार होते. १९४४ मध्ये कॅव्हलिटो आणि बेली यांनी ते प्रथम वेगळे केले. हे विकर उष्णतेने व आम्लाने निकामी होते आणि तयार झालेले ॲलिसिनही अस्थिर असल्याने हळूहळू अन्य गंधकयुक्त द्रव्यांत रूपांतरित होते. साहजिकच ओली चटणी, उन्हात वाळविलेली पूड, यंत्रात वाळविलेली पूड आणि लसणाचे तेल यांत रासायनिक दृष्ट्या चार निरनिराळे पदार्थ आहेत. ‘१ टक्का लसूण’ एवढ्याच वर्णनावर त्यांची तुलना करणे म्हणजे चार वेगळ्या औषधांना एकच नाव देणे होय.

हळदीच्या बाबतीत तर महाराष्ट्रातील बाजारच धडा देतो. सांगलीची हळद आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. वायगावच्या हळदीत कुर्कुमिनचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास सांगितले जाते, सामान्य हळकुंडात ते २ ते ५ टक्के असते, आणि खाद्यासाठी खरेदी होणाऱ्या हलक्या पुडीत त्याहूनही कमी निघते. म्हणजे दोन विद्यार्थ्यांनी दोन गावांत अर्धा टक्का हळद घालून केलेल्या प्रयोगांत प्रत्यक्ष मात्रेचा फरक तिप्पट-चौपट असू शकतो. हलक्या पुडीत रंगासाठी मेटॅनिल यलो किंवा शिशाचे क्रोमेट मिसळण्याचा गैरप्रकारही ज्ञात आहे. त्यांतील शिसे पक्ष्याच्या यकृतात व हाडांत साठते. आरोग्यासाठी घातलेल्या पूरकातून असा पदार्थ मांसात उतरू नये म्हणून प्रत्येक पोत्याचे पृथक्करण करणे हा खर्चिक सोपस्कार मानू नये. कुर्कुमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते हीही मर्यादा आहे. मिरीतील पायपेरिनने माणसातील शोषण २० पट वाढल्याचे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. त्याचे कारण पायपेरिन यकृत व आतडे यांतील विल्हेवाटीच्या यंत्रणेला अटकाव करते. कोंबडीत हळद-मिरीची जोडी वापरताना मग एक उपप्रश्न उभा राहतो: पक्ष्याला दिलेल्या अन्य औषधांचा निचराही याच अटकावाने लांबत असेल काय? मांसातील औषधांशाच्या दृष्टीने या प्रश्नाची तपासणी होणे अगत्याचे आहे.

वाढीवरील परिणाम इतके अनिश्चित का, हे आता समजू शकते. हॉलंडमधील उट्रेख्त येथे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत थायमॉल व सिनॅमाल्डिहाइड दिलेल्या मांसल कोंबड्यांच्या वाढीत फरक आढळला नाही, आणि कार्व्हाक्रॉलने तर खाणे व वजन दोन्ही घटले. संशोधकांनीच नमूद केले की, खाद्य अत्यंत पचनीय व निवास स्वच्छ असल्याने सुधारणेला वावच उरला नव्हता. कोट्स यांच्या स्वच्छ जागेतील पिल्लांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. दुसरीकडे आजचा पक्षीही पूर्वीचा राहिलेला नाही. उत्तर कॅरोलायनामध्ये झालेल्या तुलनेत, जतन केलेल्या १९५७ च्या वाणाचे ४२ दिवसांचे वजन त्या काळच्या खाद्यावर ५३९ ग्रॅम भरले, तर २००१ मधील व्यापारी वाणाचे त्या वर्षीच्या खाद्यावर २,६७२ ग्रॅम. या फरकाचा ८५ ते ९० टक्के भाग निवड-पैदाशीचा होता. जो पक्षी आपल्या आनुवंशिक मर्यादेच्या काठावर धावतो आहे, त्याला चिमूटभर ओव्याने आणखी पुढे ढकलण्याची अपेक्षा ठेवणे व्यवहार्य नाही. तो मागे खेचला जात असेल तर त्याला सावरता येईल काय, एवढाच प्रश्न उरतो.

पाचक रसांविषयी एक दावा नेहमी केला जातो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेत प्लाटेल आणि श्रीनिवासन यांनी मसाल्यांमुळे उंदरांत पित्तस्राव व स्वादुपिंडाची विकरे वाढतात असे दाखविले. हे काम मोलाचे आहे. परंतु ते उंदरांवरील आहे. दोन महिन्यांच्या आतच कत्तलीला जाणाऱ्या आणि चोवीस तास खाद्य समोर असणाऱ्या पक्ष्यात विकरांची उणीव ही वाढीची मर्यादा असतेच असे नाही.

मागे खेचणारी कारणे आपल्याकडे मात्र पुष्कळ आहेत. त्यांत बुरशीयुक्त खाद्य हे एक ठळक कारण होय. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी एका अनोळखी रोगाने मेले, तेव्हा त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेपर्यंत लागला, आणि त्यातूनच ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनाचा शोध लागला. पावसात भिजलेला मका किंवा ओलसर गोदामातील पेंड ज्या शेडमध्ये वापरली जाते, तेथे यकृताची झीज ही नित्याची गोष्ट असते. अमेरिकेतील मिसुरी येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात किलोमागे १ मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन असलेल्या खाद्यात अर्धा टक्का हळद घातली असता यकृताच्या हानीची काही लक्षणे सौम्य झाली. त्या हळदीतून किलोमागे ७४ मिलिग्रॅम कुर्कुमिन मिळत होते आणि हा आकडा संशोधकांनी स्पष्ट दिला होता, हे विशेष. हळदीने विष नाहीसे झाले नाही. यकृताची ऑक्सिडीकरणविरोधी शक्ती काही अंशी टिकली. खराब मका वापरण्यास हा परवाना समजू नये. उन्हाळ्याची गोष्टही अशीच आहे. कोंबडीला घर्मग्रंथी नाहीत. विदर्भातील मे महिन्यात ती चोच उघडून धापा टाकते, रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटून आम्ल-अल्कली तोल बिघडतो, खाणे मंदावते. कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात बनविते, परंतु अशा ताणात ते अपुरे पडते. अशा वेळी आवळ्यासारख्या पूरकाला काही काम उरते. त्याच आवळ्याचा प्रयोग डिसेंबरात केला तर ‘परिणाम नाही’ असे उत्तर येणे स्वाभाविक आहे, आणि ते उत्तर खरेही असते.

मांसाच्या प्रतीकडे वळताच भूमी अधिक भक्कम लागते. कोंबडीच्या मांसातील मेदात बहु-असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण गोमांस किंवा बकऱ्याच्या मांसाहून अधिक असते. पेशीपटलांतील फॉस्फोलिपिडे विशेषतः लवकर ऑक्सिडीकृत होतात. मांस कुटले किंवा शिजविले की स्नायूंतील लोह मोकळे होते व क्रियेला गती मिळते. त्यातून उत्पन्न होणाऱ्या अल्डिहाइडांमुळे मांसाला खवट वास येतो आणि शिजवून ठेवलेले मांस दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर शिळकट लागते. मांडीच्या मांसात मेद व लोह दोन्ही अधिक असल्याने तेथे हा दोष छातीच्या मांसाहून लवकर उमटतो. थायोबार्बिट्यूरिक आम्लाशी मॅलोनडाल्डिहाइडाचा संयोग होऊन येणारा गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजणे ही याची रूढ कसोटी आहे.

ग्रीसमध्ये बोत्सोग्लू आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने वाचावा असा आहे. खाद्यात किलोमागे ५० व १०० मिलिग्रॅम ओरेगॅनो तेल दिले असता वाढीत काहीच फरक पडला नाही; परंतु छाती, मांडी व पोटातील मेद या तिन्हींचे ऑक्सिडीकरण कमी झाले. १०० मिलिग्रॅमचा परिणाम अधिक होता. तथापि किलोमागे २०० मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरिल ॲसिटेट, म्हणजे ई जीवनसत्त्व, दिलेल्या गटाची बरोबरी त्याने केली नाही. या एका प्रयोगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वाढ आणि मांसाची प्रत ही दोन स्वतंत्र मोजमापे आहेत. एकात अपयश आले म्हणून दुसरे तपासायचे सोडू नये. दुसरे असे की, तुलनेसाठी ई जीवनसत्त्वाचा गट ठेवल्यामुळेच ओरेगॅनोचे खरे स्थान समजले. तो गट नसता तर ‘ओरेगॅनो उत्कृष्ट’ असा निर्वाळा देऊन लेख संपला असता.

कातडीच्या पिवळेपणाचा मात्र येथे फार विचार करण्याचे कारण नाही. झेंडूतील ल्यूटिनसारखी द्रव्ये कातडीत साठून तिला रंग आणतात, कुर्कुमिन तसे साठत नाही. पिवळ्या कातडीचे जनुक पाळीव कोंबडीत लाल रानकोंबड्याकडून न येता सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या कुळातून आले, असे २००८ मध्ये सिद्ध झाले, ही गोष्ट मनोरंजक असली तरी महाराष्ट्रातील गिऱ्हाईक बहुधा कातडी सोलूनच मांस घेते. तेच गिऱ्हाईक पक्षी समोर कापून घेते व काही तासांत शिजविते. अशा मांसात ऑक्सिडीकरणाला वेळच मिळत नाही. म्हणून मांसावरील हा लाभ शीतगृह, गोठविलेले तुकडे आणि खिमा, सॉसेज यांसारखे प्रक्रिया केलेले पदार्थ यांच्यापुरता अर्थपूर्ण आहे. प्रबंधासाठी मांस तपासताना कत्तलीच्या दिवशीचा एकच नमुना घेऊन थांबले तर फरक दिसणार नाही. ४ अंश सेल्सियसवर ठेवलेल्या मांसाचे तिसऱ्या, सहाव्या व नवव्या दिवशीचे नमुने, आणि शिजवून ठेवलेला एक नमुना, इतके तरी घ्यावयास हवेत.

आता आखणीचा प्रश्न. एका उपचाराला तीन कप्पे व प्रत्येक कप्प्यात दहा पिल्ले ही मांडणी पदव्युत्तर कामात वारंवार आढळते. खाद्य कप्प्याला दिले जाते, पिल्लाला नव्हे. म्हणून प्रयोगाचे एकक कप्पा हे होय. तीस पिल्लांची वजने तीस स्वतंत्र निरीक्षणे मानून केलेले गणित फसवे असते. कप्प्या-कप्प्यांतील सरासरी वजनाचा विचरण गुणांक ४ टक्के धरला, तर दोन उपचारांच्या तुलनेत प्रत्येकी तीन कप्प्यांच्या प्रयोगात सुमारे १२ टक्क्यांहून लहान फरक खात्रीने हाती लागत नाही. येथे खात्री म्हणजे शंभरांत ऐंशी वेळा फरक पकडण्याची शक्यता, आणि सार्थतेची पातळी नेहमीची ५ टक्के. ३ टक्क्यांचा फरक पकडावयाचा तर उपचारामागे सुमारे २८ कप्पे लागतील.

३ टक्क्यांचा हा आकडा मनाने घेतलेला नाही. २.२ किलो वजनाचा पक्षी आयुष्यात साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. त्यात १ टक्का ओवा म्हणजे पक्ष्यामागे ३५ ग्रॅम. ओव्याचा भाव हिशेबापुरता किलोला २०० रुपये धरला तर पक्ष्यामागे ७ रुपये खर्च आला, आणि शेडवरचा भाव किलोला १०० रुपये धरला तर तो भरून काढण्यास ७० ग्रॅम अधिक वजन हवे. हे वजन ३ टक्क्यांहून थोडेसेच अधिक आहे. म्हणजे तीन कप्प्यांच्या प्रयोगाला शेतकऱ्याचा खर्च सुटतो की नाही, एवढेही सांगता येत नाही. त्यातून ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघाला तरी त्याचा अर्थ पूरक निरुपयोगी आहे असा होत नाही. आणि योगायोगाने फरक ‘आढळला’, तर तो वास्तवाहून फुगलेला असण्याचाच संभव अधिक. भाव बदलले की हा हिशेब बदलेल, कप्प्यांची संख्याही बदलेल. परंतु तो प्रयोगाआधी मांडावयाचा असतो. कराराने कोंबड्या वाढविणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये पिल्ले व खाद्य कंपनीचे असते, आणि यकृताची म्हणून पाण्यातून द्यावयाची वनस्पतिजन्य औषधाची बाटली पुष्कळदा तो स्वतःच्या पैशाने आणतो. त्या बाटलीवर वनस्पतींची नावे असतात; कोणते द्रव्य किती आहे, हे बहुधा नसते.